सरनोबतांचं अर्धं विमान

धैर्यशील सरनोबत यांनी विमान घेतलं ही बातमी कुवेतच्या सालमिया भागातल्या मराठी मंडळींत पसरायला एक लिफ्ट पुरली. तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरताना जगन्नाथ शिंगटे आपल्या नव्या सात सीटच्या गाडीची किल्ली बोटावर फिरवत होते. ही किल्ली ते गेले पंधरा दिवस बोटावर फिरवत होते. आंघोळीलाही बाजूला ठेवत नसावेत. "काय सरनोबत, तुमची ती जुनी गाडी अजून चालते म्हणायची," ते म्हणाले. एवढंच. पण मागे स्वरा उभी होती, सरनोबतांची पंधरा वर्षांची मुलगी, आणि ती फिस्सकन हसली. त्या हसण्याने सरनोबतांचा तोल गेला आणि तोंडून निघून गेलं, "गाडीचं काय घेऊन बसलात शिंगटे. आम्ही विमान घेतलंय."

चौथा मजला आला. तो शिंगट्यांचा. दार उघडलं, बंद झालं, शिंगटे उतरलेच नाहीत. नवव्या मजल्यापर्यंत वर आले, सरनोबतांच्या दारात चपला काढल्या, आणि "कितीचं ॲव्हरेज देतं?" असं विचारत सोफ्यावर बसले.

आता खरं सांगायचं तर विमान अर्धं होतं. आणि घेतलं म्हणण्यापेक्षा ते गळ्यात पडलं होतं. सरनोबत ज्या बँकेत होते तिथले एक निवृत्त संचालक, सगळे त्यांना बू नासर म्हणत, त्यांनी हौसेने एक दोन सीटचं छोटं विमान बाळगलं होतं. शहरापासून तासाभरावर वाळवंटात एक हौशी वैमानिकांचा क्लब होता, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं असे. मग डॉक्टरने बू नासरना जिन्याचीसुद्धा बंदी केली. मुलांना विमानात रस नव्हता. तेव्हा त्यांनी सरनोबतांना कॉफीला बोलावलं आणि म्हणाले, "तुझ्याइतका काळजी घेणारा माणूस मी पाहिला नाही. अर्धं विमान तुझं. तू फक्त त्याची कागदपत्रं बघ."

सरनोबतांना पहिली दोनच वाक्यं ऐकू आली. तिसरं वाक्य हाच खरा व्यवहार होता, हे त्यांच्या पत्नीच्या, ज्ञानदाबाईंच्या, तत्काळ लक्षात आलं. त्या शाळेत गणित शिकवत. "म्हणजे उडायचं त्यांचं झालं, आणि कचेऱ्यांच्या खेपा घालायला तुम्ही. त्यांनी विमान नाही दिलं, मंदूब ठेवलाय," त्या म्हणाल्या. दुसऱ्याचे कागद घेऊन खिडकी-खिडकी फिरणाऱ्या माणसाला कुवेतमध्ये मंदूब म्हणतात. सरनोबतांना हे फार लागलं. लागण्याचं कारण असं की ते खरं होतं.

काळजी घेणारा माणूस ही मात्र सरनोबतांची ख्याती होती. घरातून निघताना ते गॅसचं बटण तीनदा बघत, दार दोनदा ओढत, आणि गाडीत बसल्यावर एकदा परत वर येत. बँकेत त्यांचं काम तपासनिसाचं. नियम पाळलेत की नाही ते बघायचं, चौकटीत बरोबरची खूण करायची, खाली सही ठोकायची. अठरा वर्षं त्यांनी हेच केलं. पहिली पाच वर्षं प्रत्येक फाईल शब्दन् शब्द वाचली. मग त्यांना असं आढळून आलं की वाचून केलेली खूण आणि न वाचता केलेली खूण कागदावर अगदी सारखीच दिसते. हा शोध त्यांनी कुणाला सांगितला नाही. साहेबांनाही तो आधीच लागलेला असावा, कारण सरनोबतांना बढती मिळाली.

स्वरा लहान असताना बापाच्या मांडीवर बसून बाल्कनीतून विमानं मोजायची. आता बाप खोलीत आला तरी तिची मान मोबाईलमधून वर होत नसे. एकदा गॅसच्या तिसऱ्या तपासणीच्या वेळी ती म्हणाली होती, "बाबा, यू आर सो बोअरिंग," आणि तेही रागाने नाही, हवामान सांगावं तसं. ते वाक्य सरनोबतांच्या काळजात रुतून बसलं होतं. एकदा, फक्त एकदा, या मुलीने आपल्याकडे मान वर करून बघावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. तिच्यापायी त्यांनी अर्धं विमान पत्करलं.

कागदपत्रांची सुरुवात ज्या कचेरीत झाली तिचं नाव कशाला घ्या. खिडकीतल्या माणसाने सरनोबतांचं ओळखपत्र उलटंपालटं केलं. त्यावर व्यवसाय लिहिला होता, हिशेबनीस. "हिशेबनिसाला विमान कशाला?" त्याने विचारलं. हा प्रश्न घरीही कुणी विचारला नव्हता, नाहीतर सरनोबत तयारी करून गेले असते. "बुकरा," खिडकी म्हणाली. बुकरा म्हणजे उद्या. हा उद्या सहा आठवडे चालला. शिक्का हवा तर पत्र हवं, पत्र हवं तर बू नासरांची सही हवी, आणि बू नासर सही करायला लंडनहून परत यायला हवे.

विम्याची तऱ्हा याहून न्यारी. विमा कंपनीच्या संगणकात गाडी होती, ट्रक होता, मोटरसायकल होती, नौका होती. विमान नव्हतं. तिथला तरुण फार मदत करणारा होता. तो म्हणाला, "सर, नौका टाकतो. दोन्हीला इंजिन, दोन्ही रस्त्यावर चालत नाहीत." पॉलिसी निघाली. तिच्या अटींत लिहिलं होतं की नौकेवर दोन लाईफ जॅकेट आणि एक नांगर सदैव असावा. कुणीही शहाणा माणूस हसला असता आणि त्याने ती पॉलिसी ड्रॉवरमध्ये टाकली असती. सरनोबत नियमवाले. ते शुवैखच्या बाजारात गेले आणि नऊ किलोंचा लोखंडी नांगर घेऊन आले.

"बाबा, यू बॉट ॲन अँकर. फॉर अ प्लेन." स्वराने खूप दिवसांनी मान वर केली होती, पण सरनोबतांना हवी होती तशी नाही.

"अट आहे," सरनोबत म्हणाले.

"वाळवंटात तरंगायचंय का?" ज्ञानदाबाईंनी विचारलं आणि नांगराला शू-रॅकच्या बाजूला जागा करून दिली.

इकडे शेजाऱ्यांनी सल्ल्यांची खाणच उघडली. विमानाविषयी कुणालाच काही माहीत नसल्यामुळे सगळ्यांनाच मत होतं. शिंगट्यांनी सांगितलं की विमान कधीही दुसऱ्याच्या हातचं घेऊ नये, मीटर मागे फिरवतात. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, उन्हात उभं करू नका, रंग उडतो. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं की गणपतीत वरून फुलं टाकता येतील का, आणि नाही म्हटल्यावर ते पुढे महिनाभर सरनोबतांशी जेवढ्यास तेवढं बोलत. शिंगट्यांनी तर शुवैखच्या गॅरेजमधला आपला माणूसच पाठवून दिला. "आपला बाळा कुठलीही गाडी चालू करतो," ते म्हणाले.

बाळा सावंतवाडीकडचा. त्याने विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या, इंजिनाचं झाकण बघितलं आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. "साहेब, ह्यां माझ्या हातातला काम न्हय," तो म्हणाला. "गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेक लावतंव. ह्यां खंय लावतलात?" या साऱ्या प्रकरणात आपल्याला काय येत नाही ते सांगणारा तो एकटाच माणूस निघाला. त्याचं कुणी ऐकलं नाही. जाताना त्याने शेडजवळची वाळू हाताने चाचपली, सरनोबतांनी विमानात आणून ठेवलेला नांगर तिथे रुतवला आणि विमानाचं शेपूट त्याला पक्कं बांधून दिलं. पुढच्या वाळूच्या वादळात शेजारची दोन विमानं तिरकी झाली, हे मात्र जागचं हललं नाही. सरनोबतांनी ही हकीगत घरी चार वेळा सांगितली.

विमान आहे म्हटल्यावर सरनोबतांनी ते चालवायला शिकायचंही ठरवलं. शिकवायला क्लबचे कॅप्टन हानी होते, इजिप्तचे, जाड मिशांचे, सावकाश बोलणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी सरनोबतांच्या हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद दिला. उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून बघायच्या एकतीस गोष्टी. चाकं, बिजागऱ्या, पुढचा पंखा, तेल. त्यात चौदावी गोष्ट अशी: डाव्या पंखाखाली बोटभर लांबीची एक नळी असते, तिचं तोंड मोकळं आहे ना ते बघणे. समोरून वारा त्या नळीत शिरतो आणि त्यावर वेगाचा काटा हलतो. नळी बुजली की काटा झोपतो, आणि वेग कळला नाही तर विमान कधी उचलायचं आणि कधी पडेल हे दोन्ही कळत नाही.

एकतीस चौकटी बघून सरनोबतांना माहेरी आल्यासारखं वाटलं. पहिल्या धड्याला त्यांनी ही तपासणी पन्नास मिनिटं केली. दुसऱ्या धड्याला पंचावन्न. कॅप्टन दोन चहा पिऊन, एक झोप काढून परत येत, तेव्हा सरनोबत टायरची हवा तिसऱ्यांदा बघत असत. पाचव्या धड्यानंतर कॅप्टननी मागून स्वतः बघणं सोडून दिलं. "हबीबी, तू बघितलंस म्हणजे बघितलं," ते म्हणाले. हे वाक्य सरनोबतांनी घरी पाच वेळा सांगितलं.

आणि मग दसरा आला. दसरा खरा गुरुवारी होता, पण कुवेतमध्ये आमचे सगळे सण शुक्रवारी येतात, सुटीचा वार बघून. शिंगट्यांनी परस्पर जाहीर केलं की यंदा आपल्या विमानाची पूजा करायची. 'आपल्या' हा शब्द ऐकून सरनोबत चमकले, पण आता माघार कुठली. बू नासरांची फोनवर परवानगी काढली, ते म्हणाले, माझा ड्रायव्हर गाडीखाली लिंबं ठेवतो ते मी बघितलंय, करा, फक्त शेडच्या मागे करा. बेत असा ठरला: पूजा, मग कॅप्टनांसोबत सरनोबतांची एक फेरी, आणि ते उतरले की त्याच विमानातून स्वराची फेरी. स्वराने त्यासाठी एक ओढणी आणि गॉगल वेगळा काढून ठेवला होता. सरनोबतांनी ते बघितलं होतं आणि बाथरूममध्ये जाऊन उगाच नाक शिंकरून आले होते.

सकाळी आठ वाजता वाळवंटात बत्तीस माणसं उतरली. सतरंज्या, डबे, दोन कुलर, साबुदाणा खिचडीचं पातेलं. विमान हे पूजेला किती सोयीचं असतं हे त्या दिवशी कळलं. पंख्याला झेंडूचा हार, नाकावर स्वस्तिक, चाकांपुढे लिंबं. शिंगट्यांच्या आई, मालनआजी, व्हिजिट व्हिसावर साताऱ्याहून आल्या होत्या. पूजेचा ताबा त्यांनी घेतला. नारळ पंख्यावरच फोडणार होत्या, तो कॅप्टननी दोन्ही हात पसरून वाचवला. पंखा वाचवला म्हणतो, नारळ दगडावर फुटला. या धावपळीत आजी कुठे काय लावत होत्या याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दहा वाजले. हार उतरवले, ऊन चढलं. सरनोबत एकतीस कलमांचा कागद घेऊन विमानाभोवती फिरू लागले. एक झालं, दोन झालं. चौथ्या कलमाला मंडळी कुजबुजू लागली. सातव्याला कुणीतरी खिचडी वाढायला घेतली. नववं कलम बघायला सरनोबत गुडघ्यावर बसले तेव्हा शिंगटे किल्ली फिरवत मोठ्याने म्हणाले, "काय सरनोबत, उडवताय का त्याची पत्रिका बघताय?"

बत्तीस माणसं हसली. स्वराही हसली. सरनोबत उठले, पँटीची वाळू झटकली, आणि कागद पंखावर ठेवून नऊपासून एकतीसपर्यंतच्या चौकटींत बरोबरच्या खुणा करत सुटले. हाताला सवय होतीच. बावीस-तेवीस खुणा, एका दमात, एका तिरपेपणाने. खाली सही. कॅप्टन चष्मा पुसत आले. "सगळं बघितलंस?" त्यांनी विचारलं. सरनोबतांनी कागद दाखवला. कॅप्टननी मान डोलावली आणि आत बसले.

इंजिन सुरू झालं, धूळ उडाली, बायकांनी पदर सावरले. विमान धावपट्टीच्या टोकाशी वळलं आणि सुसाट निघालं. वेग मोठ्याने सांगायचं काम सरनोबतांचं. ते काट्याकडे बघत होते. काटा शून्यावर होता.

"वेग," कॅप्टन म्हणाले.

"शून्य," सरनोबत म्हणाले.

बाहेर शेड मागे पळाली, कुलर मागे पळाला, शिंगट्यांची सात सीटची गाडी मागे पळाली. "वेग," कॅप्टन पुन्हा म्हणाले. सरनोबतांनी काचेवर टकटक केली. "शून्य," ते म्हणाले. कॅप्टननी एकदाच काट्याकडे बघितलं, इंजिनाचा जोर सर्रकन काढला आणि ब्रेक दाबले. विमान धावपट्टी संपल्यावरही चाळीस पावलं वाळूत गेलं आणि नाक खाली करून थांबलं. सरनोबतांच्या मांडीवर मागून घरंगळत आलेलं एक लाईफ जॅकेट होतं.

तिकडे टाळ्यांचा कडकडाट चालला होता. मंडळी धावत आली. "मी बघितलं ना, हातभर उचललं होतं," कुणी म्हणालं. "हातभर काय, पुरुषभर," दुसरं म्हणालं. मंडळाच्या अध्यक्षांनी अढी सोडून हस्तांदोलन केलं. सरनोबतांनी ते नाकारलं नाही.

कॅप्टन मात्र सरळ डाव्या पंखाखाली गेले. वाकले. सरळ झाले तेव्हा त्यांच्या बोटांत उदबत्तीची जळकी काडी होती, आणि तिच्या बुडाला हलू नये म्हणून गच्च ठासलेला केळ्याचा तुकडा.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

बत्तीस माणसांना एकदम मालनआजी दिसल्या. "आई, तुला कुणी सांगितलं होतं गं?" शिंगटे कडाडले. "अगं, माणसं मेली असती."

आजींचा चेहरा उतरला. "मला काय ठावं बाबा," त्या म्हणाल्या. "उदबत्तीला जागा बघत हुते, ते भोक दिसलं. उदबत्तीसाठीच केल्यालं असंल म्हटलं." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि सगळे मिळून त्यांना समजावू लागले, म्हणजे रागावू लागले.

सरनोबतांना सुटका समोर दिसत होती. काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं, एकदा सुस्कारा टाकायचा, आणि "जाऊ द्या हो, म्हाताऱ्या आहेत" असं मोठ्या मनाने म्हणायचं. त्यांनी त्यासाठी तोंडही उघडलं.

तेवढ्यात स्वराने कॅप्टनच्या हातातला कागद घेतला. ती बोट फिरवत वाचत गेली आणि थांबली. "फोर्टीन," ती म्हणाली. "ट्यूब ओपनिंग क्लिअर. टिक." तिने मान वर केली आणि थेट बापाकडे बघितलं. "बाबा, डिड यू लुक?"

तिच्या कपाळावर गॉगल होता आणि गळ्यात ती ओढणी. पुढची फेरी तिची होती.

"नाही बघितलं," ते म्हणाले. मग मंडळींकडे वळून मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजींना बोलू नका. त्यांनी उदबत्ती सगळ्यांच्या देखत लावली. मी खुणा न बघता केल्या. नवव्या कलमापासून पुढचं काहीच बघितलेलं नाही."

शिंगट्यांनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा किल्ली खिशात टाकली. कॅप्टन हानी म्हणाले, "माझंही चुकलं. मी विमान बघायचं सोडून तुझी सही बघितली." मालनआजींनी पदर तोंडावरून काढला. "आता काढली न्हवं काडी?" त्यांनी विचारलं. "मग उडवा की." खिचडी गार झाली होती, ती सगळ्यांनी तशीच खाल्ली.

पुढचं सगळं रीतसर झालं. सरनोबतांचं शिकणं तीन महिने बंद. विमान दुरुस्तीला. घटनेचा अहवाल चार प्रतींत भरायचा होता. तो अर्थातच सरनोबतांनीच भरला, कारण कागदपत्रं बघण्याचं काम त्यांचं. तपासणी कुणी केली या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा सही करण्याआधी कागद पूर्ण वाचला. बँकेतही त्यांनी तोच नेम धरला. त्यामुळे फाईली तुंबल्या, आणि साहेबांनी बोलावून तब्येतीची चौकशी केली. सालमियात मात्र विमान आजही पुरुषभर उचललेलं आहे.

वाळवंटातून घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात गॅसच्या वर एक कागद चिकटवलेला दिसला. स्वरा तो घेऊन चौथ्या मजल्यावर गेली होती आणि अक्षर मालनआजींकडून काढून आणलं होतं, मोठं, ठळक, साताऱ्याच्या शाळेतलं. दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं 'बघितलं', दुसऱ्यावर 'खरंच बघितलं'.

पहिल्या रकान्यात रोज सकाळी सरनोबत सही करतात. मग स्वरा मोबाईल खाली ठेवून येते, बटण स्वतः हाताने बघते आणि दुसऱ्यात सही करते. दुसऱ्या रकान्यात सही करायची परवानगी बाबांना अजून मिळालेली नाही.